प्रेग्नन्सीत चेहऱ्याला काय लावायचं, आणि त्याआधी काय काढून टाकायचं

टेस्ट पॉझिटिव्ह आली की पहिल्याच आठवड्यात प्रश्न सुरू होतो, आता कुठली क्रीम घेऊ? माझं ऐका, आत्ता काहीच विकत घेऊ नका. उलट बाथरूममधलं, ड्रेसिंग टेबलवरचं, पर्समधलं, जे जे तोंडाला-अंगाला लागतं ते सगळं एका ताटात काढा आणि दिवसा उजेडात बसून मागची बारीक अक्षरं वाचा. मी माझ्या पहिल्या वेळी हे केलं नव्हतं. तिसरा महिना लागला तरी रात्री पिंपल्सची एक जेल लावत होते, ती कशाची आहे हे मला माहीतच नव्हतं, आणि त्यात निघालं अ‍ॅडापलीन, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या जातीचं औषध. डॉक्टर म्हणाल्या घाबरू नको, त्वचेतून रक्तात फार थोडं जातं, पण आजपासून बंद. बाळ छान झालं, आता पहिलीत आहे, तरी ते सहा महिने मी जी धास्ती घेऊन काढले ती दुसऱ्या कुणाला नको म्हणून एवढं लिहितेय.

पायरी १ : ताटातून आधी काय उचलायचं

सगळ्यात आधी व्हिटॅमिन ए चं घराणं. रेटिनॉल, रेटिनाल, रेटिनिल पाल्मिटेट, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन, टाझारोटीन, यातलं एक जरी नाव दिसलं तरी ती बाटली बाजूला ठेवायची. पुढच्या बाजूला अँटी एजिंग, नाइट रिपेअर, पिंपल जेल असं काहीही लिहिलेलं असतं त्यामुळे पुढचं वाचून काही कळत नाही, मागेच बघावं लागतं, आणि आय क्रीममध्ये तर हे हमखास सापडतं. लावायच्या क्रीमचा धोका कमी असतो हे खरं, पण नऊ महिने सुरकुतीची क्रीम नाही लावली तर काही बिघडत नाही, म्हणून सगळे डॉक्टर बंदच करायला सांगतात.

याच घराण्यातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या मात्र वेगळ्या, त्यांच्याबाबतीत जराही हयगय नको. मोठ्या पिंपल्ससाठी या गोळ्या देतात आणि त्यांनी बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात, कानात गंभीर व्यंग येऊ शकतं. गोळी बंद केल्यावरसुद्धा किमान एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात. घेत असतानाच दिवस गेले असतील तर गोळी तिथल्या तिथे बंद आणि त्याच दिवशी गायनॅकला फोन, पुढच्या व्हिजिटची वाट बघायची नाही. पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर तेही सांगा, त्या जातीच्या औषधांनी पोटातल्या बाळाच्या दातांचा रंग बिघडू शकतो.

दुसरं नाव हायड्रोक्विनोन. डाग घालवायच्या क्रीममध्ये असतं, आणि हे त्वचेवरच राहत नाही, लावलेल्यापैकी साधारण ३५ ते ४५ टक्के अंगात शोषलं जातं. बाकीच्या क्रीमच्या मानाने हे खूपच जास्त आहे, म्हणून नको.

आता आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम. मेडिकलमध्ये जाऊन "चेहरा उजळायची ट्यूब द्या" म्हटलं की काउंटरवरून एक छोटी ट्यूब मिळते. तिच्यात बऱ्याचदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असे तिन्ही एकत्र असतात, म्हणजे टाळायचं ते सगळं एकाच ट्यूबमध्ये. वांगासाठी डॉक्टरांनी मोजून थोडे आठवडे द्यायचं हे औषध आपल्याकडे बायका वर्षानुवर्षं फेअरनेस क्रीम म्हणून लावतात. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण मागितली की मिळतात हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही. डबीवर आरएक्सची (Rx, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या औषधाची) खूण किंवा मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन असं स्टेरॉइडचं नाव दिसलं तर ती कॉस्मेटिक नाहीये, औषध आहे. आणि खूप दिवसांपासून लावत असाल तर बंद केल्यावर चेहरा लालबुंद होतो, जळजळतो, पुटकुळ्या येतात, मग बाई घाबरून परत तीच ट्यूब लावते. असं झालं तर स्किनच्या डॉक्टरांकडे जा, त्यांना हे रोजचं आहे, ते प्रेग्नन्सीत चालेल असं काहीतरी देऊन यातून बाहेर काढतात. एक्झिमाला गायनॅकने किंवा स्किनवाल्यांनी सौम्य स्टेरॉइड स्वतः लिहून दिलं असेल तर ती गोष्ट वेगळी, ते सांगितलं तेवढं लावा.

पायरी १ चाच भाग, पण वेगळा लिहितेय कारण हे सगळ्यात महत्त्वाचं आहे

बिनलेबलची डबी. ताटात अशी एक तरी डबी निघते जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही, किंवा नुसतं एक फूल आणि "नॅचरल" असं छापलंय, पार्लरमधल्या ताईने दिलेली किंवा कुणीतरी गल्फमधून आणलेली. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, तिथल्याच एका ब्युटिशियनकडून घेतलेली क्रीम लावत होत्या, रंग उजळला म्हणून सगळे विचारायला लागले, आणि मग तिघींच्याही किडन्या बिघडल्या. मुंबईला केईएम हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. अकोला म्हणजे आमच्या अमरावतीपासून शंभरेक किलोमीटर. मी ती बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा जाऊन माझ्या नणंदेच्या कपाटातली डबी उचलली.

पारा रंग उजळवतो कारण तो त्वचेत रंग तयार व्हायचंच थांबवतो. पण तो त्वचेतून आत जातो, वाफ होऊन श्वासातून जातो, टॉवेल-उशीवर राहतो म्हणून घरातल्या बाकीच्यांनाही लागतो, आणि नाळेतून बाळापर्यंत पोचतो, जिथे त्याचा मेंदू आणि मज्जासंस्था घडत असते. आपल्याकडे कायद्याने डोळ्याभोवतीची कॉस्मेटिक्स सोडली तर बाकी कशातही नकळत राहिलेला पारासुद्धा दहा लाखात एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण बिनलेबलच्या डबीला कायदा विचारतो कोण.

ओळखायचं कसं? उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर, घटकांची यादी, यातलं काहीच नसेल तर फेकायची. यादी आहे पण त्यात कॅलोमेल किंवा मर्क्युरी, मर्क्युरिक असं काही आहे, म्हणजे पाराच, तरी फेकायची. सात दिवसात गोरेपणा म्हणत असतील तर फेकायची. आणि एक खूण खास लक्षात ठेवा, "लावताना सोन्याचांदीचे दागिने काढून ठेवा" असं डबीवर लिहिलंय किंवा देणारीने सांगितलंय, तर समजून जा, कारण पारा सोन्याला धरतो. मंगळसूत्राला जी क्रीम लागू द्यायची नाही ती बाळाच्या आईच्या गालाला कशी चालेल? अशी डबी महिनोन्महिने लावली असेल तर नुसती फेकून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा, लघवी आणि रक्ताची तपासणी करता येते. सांगायला लाज वाटते हे मला माहितीये, नणंदेलाही वाटली होती. डॉक्टर रागावले तर रागावू दे.

पायरी २ : ताटात तीनच गोष्टी ठेवायच्या

फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बस. दहा स्टेपचं रुटीन, टोनर, एसेन्स, शीट मास्क, याची गरज नाही, आणि आधीपासून या तीनच गोष्टी वापरत असाल आणि त्या सूट होत असतील तर त्याच चालू ठेवा, कंपनी बदलायचीही गरज नाही.

फेसवॉश सौम्य आणि शक्यतो बिनवासाचा. बिनवासाचा यासाठी की पहिल्या तीन महिन्यांत वास सहन होत नाही, मला चंदनाचा साबण इतकी वर्षं आवडायचा आणि दुसऱ्या महिन्यात त्या वासानेच उलटी व्हायची, शेवटी घरात सगळ्यांनीच तो बंद केला. धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा झाला तर फेसवॉश कडक आहे. सकाळ-संध्याकाळ पुरे, सकाळी नुसतं पाणी मारलं तरी चालतं, आणि कडकडीत गरम पाणी नको, खाज असेल तर अजिबातच नको.

मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरीन, सेरामाइड, हायल्युरोनिक अ‍ॅसिड अशी नावं दिसली तर बिनधास्त लावा. अंगाला आपलं खोबरेल किंवा साधी पेट्रोलियम जेलीसुद्धा उत्तम, आंघोळ करून अंग ओलसर असतानाच लावायची म्हणजे पाणी आत धरून ठेवते. चेहऱ्याला मात्र खोबरेल जपून, काहींना त्याने पुटकुळ्या येतात. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत जेलसारखं हलकं घ्या, आमच्याकडे जानेवारीत मात्र जाड क्रीमशिवाय पाय फुटतातच.

आणि सनस्क्रीन. एकच गोष्ट विकत घ्यायला पैसे असतील तर ही घ्या. कारण वांग. प्रेग्नन्सीत हार्मोन्समुळे रंग तयार करणाऱ्या पेशी जाग्या झालेल्या असतात, आणि ऊन लागलं की गालावर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी पट्टे उमटतात. निपल्स काळे पडणं, मानेला-काखेत सावळं होणं, बेंबीपासून खाली काळी रेघ येणं हे सगळं त्याच हार्मोन्समुळे, त्यातलं बरंचसं बाळंतपणानंतर हळूहळू फिकं होतं आणि त्याला काहीच लावायची गरज नाही. वांग मात्र हट्टी असतं, एकदा बसलं की वर्षानुवर्षं राहू शकतं, म्हणून ते यायच्या आधीच अडवलेलं बरं.

झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं घ्या, म्हणजे मिनरल सनस्क्रीन, हे त्वचेच्या वरच बसतं. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि पीए समोर तीन तरी अधिकची चिन्हं. ऑक्सिबेन्झोन असलेलं टाळा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ आणि २०२० मध्ये चाचण्या केल्या तेव्हा ते लावणाऱ्यांच्या रक्तात सापडलं होतं. रक्तात सापडलं म्हणजे अपाय झालाच असं नाही, त्यामुळे आत्तापर्यंत लावलं असेल तर जीव खाली-वर करू नका, संपली ट्यूब की पुढची मिनरल घ्या. आपल्या रंगावर मिनरल सनस्क्रीन पांढरट दिसतं, मग टिंट असलेलं बघा, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. त्याचा फायदा नुसता दिसण्यापुरता नाहीये, वांग उन्हातल्या साध्या उजेडानेही वाढतं आणि आयर्न ऑक्साइड तो उजेड अडवतं.

किती लावायचं तर पहिल्या दोन बोटांवर पूर्ण लांबीची रेघ ओढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. आणि स्कूटीवर आपण जो तोंडभर स्कार्फ गुंडाळतो ना अमरावती-नागपूरच्या मुली, तो सोडू नका, उन्हाळ्यात तो कुठल्याही क्रीमइतकाच कामाचा आहे.

पायरी ३ : पिंपल्स किंवा डाग असतील तरच चौथी गोष्ट

पहिल्या तीन-चार महिन्यांत खूपजणींना पिंपल्स येतात, जिला कधी आले नाहीत तिलाही. अशा वेळी डॉक्टर बऱ्याचदा अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड देतात आणि ते पिंपल्स आणि डाग दोन्हीवर चालतं, प्रेग्नन्सीत सुरक्षित धरतात, आपल्याकडे १० ते २० टक्क्यांत मिळतं. पहिले काही दिवस चुणचुणतं, मॉइश्चरायझरवरून लावलं तर कमी. क्लिंडामायसिनची जेल आणि कमी ताकदीचं बेन्झॉइल पेरॉक्साइडही ठरावीक जागी चालतं, फक्त पेरॉक्साइडने टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे होतात हे आधीच सांगून ठेवते.

सॅलिसिलिक अ‍ॅसिडबद्दल सगळीकडे उलटसुलट ऐकायला मिळतं. दोन टक्क्यांपर्यंतचा फेसवॉश, जो लावून धुऊन टाकायचा, त्याला बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत, पण अंगभर लावायचं नाही आणि सॅलिसिलिकचं पील अजिबात नको. नायसिनामाइड आणि व्हिटॅमिन सी चालतं. कमी ताकदीचं ग्लायकोलिक, लॅक्टिकही चालतं, पण त्वचा आधीच नाजूक झालेली असते म्हणून मी तरी लावलं नाही. हल्ली "प्रेग्नन्सी सेफ रेटिनॉल" म्हणून बाकुचिओल विकतात. ते आपल्या बावचीच्या बियांतून काढतात, वनस्पतीचं आहे म्हणून सेफ असं सांगतात, पण गरोदर बायकांत त्याचा अभ्यास जवळजवळ नाहीच, मग कशाला हौस.

नवीन काहीही आणलं तर कोपराच्या आतल्या बाजूला तीन दिवस लावून बघा, आणि एका वेळी एकच नवीन. दोन एकदम सुरू केल्या आणि पुरळ आलं तर कशाने आलं हे शेवटपर्यंत कळत नाही.

पायरी ४ : आई, सासूबाई, आणि स्वयंपाकघर

बेसन-दूध-चिमूटभर हळद लावायला काहीच हरकत नाही, घासायचं मात्र नाही, हलक्या हाताने पुसून धुवायचं. लिंबू तोंडाला नको, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की तिथे भाजल्यासारखे काळे डाग पडतात. मुलतानी माती लावली तर लावा, कोरड्या त्वचेला ती अजून कोरडं करते, पण ती खायची इच्छा होत असेल तर, आणि खूपजणींना होते आणि त्या कुणाला सांगत नाहीत, डॉक्टरांना नक्की सांगा. माती, खडू खावंसं वाटणं हे बऱ्याचदा आयर्न कमी असल्याचं लक्षण असतं, आणि मातीतून शिसं पोटात जाऊ शकतं.

सुरमा बंद. त्यात बऱ्याचदा शिसं असतं, तेही नाळेतून जातं. बाजारातलं सुटं कुंकू, शेंदूर यातही शिसं किंवा पारा सापडलेला आहे, त्यापेक्षा टिकली लावा किंवा हळदीपासून केलेलं खात्रीचं कुंकू.

केशर-दुधाने बाळ गोरं होत नाही. रंग आई-बापाकडून येतो. हे मी सासूबाईंना समजावत बसले नाही, दूध प्यायले कारण दूध चांगलंच असतं, पण त्याच बोलण्यातून पुढे बाईच्या हातात ती ट्यूब आणि ती डबी येते म्हणून मला त्याचा त्रास होतो. सात महिन्यांच्या बाईला "अगं किती काळवंडलीस" म्हणणाऱ्यांना घरातल्या कुणीतरी, म्हणजे खरंतर नवऱ्याने, तिथेच थांबवायला हवं.

पायरी ५ : पोट

स्ट्रेच मार्क्ससाठी महागडी तेलं विकायला सगळे टपलेले असतात. आयुर्वेदात यांना किक्किस म्हणतात आणि चरकसंहितेत सातव्या महिन्याच्या वर्णनात हे आलंय, म्हणजे बायकांना हे हजारो वर्षांपासून होतंय. कुठल्याही तेलाने किंवा क्रीमने ते येणं नक्की थांबतं असा चांगला पुरावा नाही. आईला आले असतील तर तुम्हालाही येण्याची शक्यता जास्त. तेल लावायचं ते खाज आणि कोरडेपणा कमी व्हावा म्हणून, साधं घरचं लावा, हलक्या हाताने, पोट चोळून मसाज नको. बाळंतपणानंतर लाल-जांभळ्या रेघा आपोआप चंदेरी होतात.

पायरी ६ : पार्लर आणि डोहाळजेवण

थ्रेडिंग, साधं क्लीनअप, हेअरकट, खुशाल करा. वॅक्सिंगही चालतं, फक्त या दिवसांत जास्त दुखतं. ब्लीच, केमिकल पील, लेझर, करंटच्या मशीनचं फेशियल हे सगळं डिलिव्हरीनंतर. फेशियल करायचंच तर स्वतःचं मॉइश्चरायझर घेऊन जा आणि सांगा हेच लावा, त्यांच्या सुगंधी तेलाच्या क्रीम नकोत. पाठीवर फार वेळ झोपवू नका म्हणावं, पाचव्या महिन्यानंतर चक्कर येते.

डोहाळजेवणाला मेंदी काढतात तेव्हा कोन बघून घ्या. खरी मेंदी हिरवट असते, तासन्‌तास ठेवावी लागते आणि आधी केशरी होऊन मग गडद होते. अर्ध्या तासात काळीभोर रंगते म्हणाले तर त्यात पीपीडी नावाचं केसांच्या डायचं रसायन असतं, त्याने हाताला फोड येतात. माझ्या एका मैत्रिणीचा अख्खा आठवा महिना त्यात गेला. आणि कार्यक्रम संपला की कितीही दमला असाल तरी मेकअप काढूनच झोपा.

पायरी ७ : कधी क्रीम बाजूला ठेवून दवाखान्यात जायचं

पोट ताणल्यामुळे थोडी खाज बऱ्याच जणींना असते. शेवटच्या महिन्यांत पोटावरच्या रेघांमध्ये लाल पुरळ उठून खूप खाजतं, ते त्रासदायक असतं पण बाळाला धोका नसतो, डॉक्टर मलम देतात.

पण तळहात आणि तळपाय खाजायला लागले, रात्री जास्त, झोप लागू देत नाही आणि वर पुरळ काहीच दिसत नाही, विशेषतः सातव्या महिन्यानंतर, तर ती कोरडी त्वचा समजून तेल लावत बसू नका. लिव्हरमधला पित्ताचा निचरा मंदावल्याने असं होतं आणि रक्तातलं बाइल अ‍ॅसिड, म्हणजे पित्तातलं आम्ल, खूप वाढलं तर पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका असतो. सोबत लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं असेल किंवा नसेलही. त्याच दिवशी फोन करा आणि नेमक्या शब्दांत सांगा, "मॅडम, तळहात-तळपाय खाजतात, पुरळ नाही, रात्री वाढतं." त्या लिव्हरची आणि बाइल अ‍ॅसिडची रक्ततपासणी सांगतील. एकदा नॉर्मल आली आणि खाज गेली नाही तर परत करतात, कारण कधी कधी खाज आधी सुरू होते आणि रिपोर्ट नंतर बदलतो.

पुढच्या व्हिजिटला जाताना ताटातल्या उरलेल्या वस्तूंच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये काढून न्या. आमच्या मॅडमनी दुसऱ्या वेळी ते फोटो दोन मिनिटांत बघितले, एका सीरमवर बोट ठेवून हे नको म्हणाल्या आणि लगेच बीपी घ्यायला लागल्या.